बेल्याचा हिरवा रंग

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मशीननं माझ्या बापाला हिरवा रंग दिला. मी चहाचा दुसरा घोट घेत होते. पडद्यावर रात्रभरातल्या प्रतिक्रिया वरून खाली सरकत होत्या, हिरव्या, पिवळ्या, लाल, आणि त्यांत एक नाव आलं, 'खुशाल गुरुजी बेला', बेला म्हणजे आमचं गाव, आणि नावापुढं हिरवा ठिपका आणि गुण अधिक चौदा. अधिक चौदा गुण मी वर्षभरात कुणाला मिळालेले पाहिले नव्हते. लोक नेत्याच्या वाढदिवसाला केक कापतानाचे फोटो टाकतात, वाघ म्हणतात, देवमाणूस म्हणतात, तरी सहा-सातच्या वर गाडी जात नाही. आणि माझे बाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला वाघ म्हटलं नाही, माझं दहावीचं गुणपत्रक बघून ज्यांनी फक्त चष्मा पुसला, ते आदिलाबाद जिल्ह्यातले सुधाकररावांचे सगळ्यांत मोठे चाहते निघाले. मी कप खाली ठेवला. काही तरी बिनसलंय एवढं कळलं, काय ते कळेना.

आमचं ऑफिस म्हणजे आदिलाबादच्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जून लागला की खाली कापसाच्या बियाण्यासाठी रांग लागते आणि बियाण्याला चोळलेल्या लाल पावडरीचा वास जिन्यानं वर येतो, थेट भाकरीच्या डब्यापर्यंत. सुधाकरराव आमच्या भागातले नेते. त्यांच्याबद्दल लोक फेसबुकवर, यूट्यूबच्या व्हिडिओंखाली, गावोगावच्या ग्रुपांवर जे लिहितात ते मशीन गोळा करतं, शब्दाशब्दाला गुण देतं, बेरीज करतं आणि गावाला रंग लावतं. हिरवं म्हणजे गाव खूश, पिवळं म्हणजे धड इकडं ना तिकडं, लाल म्हणजे नाराज. आठच्या ठोक्याला नकाशा साहेबांच्या फोनवर जातो. विनय याला सेंटिमेंट म्हणतो, मी लोकांचा कल म्हणते. विनय नेरडीगोंड्याचा, घरात तेलुगू, बासरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतो आणि भांडायचं असलं की हिंदीवर येतो. मशीन त्याचं, मशीनचं मराठी माझं. तेलंगणाच्या सरहद्दीवरचं आमचं मराठी पुण्याच्या मास्तरांना कळत नाही, तिथं मशीनची काय कथा. 'लई करून राह्यले बाप्पा काम' यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी त्याला आठ महिने शिकवलं. अडीच हजार शब्दांची यादी केली, प्रत्येकाला उणे तीन ते अधिक तीन गुण दिले. आणि खरं सांगते, मशीन शिकलं. गेल्या पोळ्याला त्यानं 'वा रे विकास' हे लाल दाखवलं तेव्हा मी आणि विनयनं खालून भजी मागवली. हजारो लोकांचा गलका एका बैठकीत ऐकणारं, कुणाची जात न विचारता, कुणाला बाहेर चपला काढायला न लावता प्रत्येकाचं शेवटपर्यंत वाचणारं दुसरं काही मला आमच्या जिल्ह्यात माहीत नाही. मला त्या मशीनचं कौतुक आहे, अजूनही आहे.

मग मी बाबांची प्रतिक्रिया उघडून वाचली. 'माननीय सुधाकररावजी साहेब यांचे सेवेशी. सविनय जय भीम. नम्र विनंती करण्यात येते की, सकाळी सात वाजताची बेला ते आदिलाबाद बस मागील नोव्हेंबरपासून बंद आहे. आमच्या गावातील सतरा मुली सदर बसने कॉलेजला जात होत्या. पैकी नऊ मुली घरी बसल्या. त्यांतील दोघींची लग्ने झाली. याबाबत आपणांस यापूर्वी दहा वेळा कळविण्याचा बहुमान मला लाभला आहे. आपण थोर आहात, व्यस्त आहात, याची जाणीव आहे. कॉलेजे सुरू झाली असून कृपया लक्ष द्यावे. तसदीबद्दल क्षमस्व. आभारी आहे. आपला विश्वासू, खुशाल गुरुजी.' माननीय, अधिक दोन. नम्र, विनंती, एकेक. बहुमान, अधिक तीन. थोर, अधिक दोन. कृपया, एक. आभारी, तीन. विश्वासू, एक. बेरीज बरोबर होती. बस, बंद, घरी बसल्या, लग्ने झाली, या शब्दांना माझ्या यादीत शून्य गुण होते, कारण ते भावनेचे शब्द नाहीत.

मी मागं गेले. खरंच दहा होत्या. नोव्हेंबरात पहिली, मग दर तीन आठवड्यांनी एक, सगळ्या हिरव्या. एकदाही मी त्या पाहिल्या नव्हत्या, कारण आम्ही लाल तपासतो. हिरव्याकडं कोण बघतो, हिरवं म्हणजे पोट भरलेलं लेकरू. या सात महिन्यांत मी किमान पंधरा वेळा घरी जाऊन आले. बाबांच्या हातचं पिठलं खाल्लं, त्यांचं बीपीचं औषध नेऊन दिलं, आणि एकदाही त्यांनी म्हटलं नाही की पगू, तू त्यांच्याच ऑफिसात बसतेस, एक शब्द टाक. लेकीचा वशिला लावला असता तर बस केव्हाच सुरू झाली असती, नाही असं नाही. पण गावातल्या त्या सतरा पोरींच्या बापांकडं वशिला नाही, मग आपण का लावायचा, हे त्यांचं गणित मला न सांगताही कळलं. सतरा पोरींत आमच्या घरची एकही नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि मागोमाग जी लाज वाटली तिला मी यादीत किती गुण दिलेत ते आठवेना.

माननीय हा शब्द आमच्या घरात कुठून आला ते मला ठाऊक होतं, हीच तर मोठी गंमत. माझी आजी, द्वारकाबाई, दुसऱ्याच्या कापसात जन्म काढलेली बाई, जिभेनं फटकळ. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीला पाणी नव्हतं आणि गावाच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती, तेव्हा ती वस्तीतल्या चौघींना घेऊन तहसील कचेरीत गेली. हापशी मागायला. उन्हात दोन तास उभं ठेवल्यावर तिचं डोकं फिरलं आणि तिनं गिरदावराच्या, म्हणजे महसुलाच्या साहेबाच्या, सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्या अस्सल होत्या, आजी त्या म्हातारपणीही न चुकता म्हणून दाखवायची. गिरदावरानं कागद ओढला आणि लिहून घेतलं की बेल्याच्या बाया दफ्तरात येऊन वाईट भाषा वापरतात. हापशीचं एक अक्षर त्यात नव्हतं. बाबा तेव्हा दहावीत होते, दारात उभे होते, त्यांनी तो कागद लांबून वाचला. मला लहानपणी ही गोष्ट सांगताना ते इथं नेहमी थांबायचे. म्हणायचे, त्यांनी आईची शिवी ठेवली आणि मागणी फेकून दिली. तवाच ठरवलं, यांना शिवी द्यायचीच नाही, ठेवाले काहीच उरलं नाही पाहिजे त्यांच्यापाशी. घरी येऊन त्यांनी वहीचं पान फाडलं आणि पहिली दरखास्त लिहिली. माननीय गिरदावर साहेब यांचे सेवेशी. हापशी यायला तीन वर्षं आणि सव्वीस अर्ज लागले. सत्तावीस म्हटलं की ते दुरुस्त करतात, सव्वीस.

पुढं ते मास्तर झाले आणि छत्तीस वर्षं त्यांनी बेल्याच्या शाळांतून मराठी शिकवलं. निबंध शिकवला, कविता पाठ करून घेतल्या, पण खरं शिकवलं ते अर्जलेखन. सातवीच्या वर्गात प्रत्येकाला एक खरा अर्ज लिहावा लागे, खऱ्या साहेबाला, खऱ्या अडचणीबद्दल, आणि तो टपालात पडे. लाल शाईनं ते फक्त राग खोडायचे. 'निर्लज्जपणे' खोडून वर 'अद्याप' लिहायचे. मीही त्यांच्या हाताखाली शिकले, माझ्या अर्जातलं 'खोटारडे' त्यांनी खोडलं होतं आणि मी रडले होते. म्हणजे आमच्या बाजूच्या अकरा गावांत आज ज्याला म्हणून मराठी लिहिता येतं, शेतकरी असो, कारकून असो, पोरांना क्लासला सोडणारी आई असो, त्याचा राग माझ्या बापानं कधीच गाळून ठेवलाय. तो गाळलेला राग हिरवा दिसतो. मी ती अकरा गावं पडद्यावर घेतली आणि नोव्हेंबरपासूनच्या प्रतिक्रिया एकेक करून वाचायला लागले. माननीय साहेब, ट्रान्सफॉर्मर जळून बावीस दिवस झाले, आपल्या कार्यास शुभेच्छा. आदरणीय साहेब, शाळेत मराठीला मास्तर नाही, पोरं स्वतःच एकमेकांना शिकवतात, आपला कृपाभिलाषी. सविनय प्रणाम, आपल्या मौल्यवान वेळेतून. एकशे शहाऐंशी निघाल्या. एकशे शहाऐंशी वेळा गिळलेला संताप, आणि नकाशावर बेल्याचा कोपरा पावसाळ्यातल्या शेतासारखा हिरवागार. नव्वद टक्के समाधानी, असं मीच मागच्या महिन्याच्या अहवालात लिहिलं होतं, आणि साहेबांनी मला पेढे पाठवले होते. पेढे चांगले होते.

विनय साडेआठला आला. मी त्याला बाबांची प्रतिक्रिया वाचून हिंदीत समजावली, तर तो हसला आणि म्हणाला की अक्का, किती गोड लिहितात तुझे वडील. मग मी त्याला दुसरी समजावली, तिसरी समजावली, आणि विसाव्या-बाविसाव्याला त्याचं हसू गेलं. तो हुशार आहे, त्याला फार सांगावं लागत नाही. पण मग तो कॅलेंडरकडं बघायला लागला, आणि मलाही आठवलं की आज शनिवार. आज दहा वाजता सुधाकरराव दौऱ्याची गावं ठरवणार होते. दौऱ्याला ते एकटे जात नाहीत. बसवाले, वीजवाले, शाळावाले साहेब सोबत नेतात, चावडीत बसवतात आणि जागच्या जागी निकाल लावतात. त्या माणसाबद्दल कुणी काहीही बोलो, तो जिथं जातो तिथलं काम होतं, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. चौदा गावांना जातील, लाल आणि पिवळ्या. हिरव्या गावांना जायचं कारण नाही, असं यंदा आमच्याच नकाशामुळं ठरलं होतं. बेला सुटलं म्हणजे पुढचा दौरा दिवाळीनंतर, आणि दिवाळीपर्यंत घरी बसलेल्या सात पोरींपैकी किती जणी बिनलग्नाच्या उरतील ते मला मोजायचं नव्हतं.

विनय म्हणाला, यादी बदलू, माननीयला उणे तीन दे, बेला लाल होईल, कुणाला कळणार नाही. हात कीबोर्डवर गेलाही माझा. मग मी नेरडीगोंड्याकडची एक प्रतिक्रिया पाहिली, कुणा भूषणनं आईच्या ऑपरेशनला मदत मिळाली म्हणून लिहिलेलं, माननीय साहेब, आभारी आहे. तो खरंच आभारी होता. उणे तीन दिले तर त्याचं खरं खोटं होणार, अधिक दोन ठेवले तर बाबांचं. शब्द तोच, सही करणाऱ्याचं मन वेगळं, आणि ते मन आमच्या अकरा गावांपुरतं वेगळं. मी विनयला म्हटलं की हे यादीत बसत नाही, हे जाऊन सांगावं लागेल, सात महिन्यांचे अहवाल चुकले हेही सांगावं लागेल. मग त्यानं एकशे शहाऐंशी प्रतिक्रिया छापायला टाकल्या आणि प्रिंटरमधला कागद संपला तर स्वतः खाली जाऊन आणला. अक्का, गलती यादी की है तो यादी मेरे मशीन में है, एवढंच म्हणाला. त्या क्षणी मला तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला.

निघण्याआधी मी बाबांना फोन लावला. मला खात्री करून घ्यायची होती. उगाच आपणच त्यांच्या शब्दांत राग पाहत असलो तर? आठ महिने यादी करून मला कुठल्याच शब्दाचा भरवसा राहिला नव्हता. ते अंगणात असावेत, मागं कोंबड्या ऐकू येत होत्या. मी सरळ विचारलं की बाबा, तुम्ही सुधाकररावांना जे लिहिता ते रागानं लिहिता की कसं.

"तू वाचते काय ते?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी लाज होती, चोरून काही खाताना सापडल्यासारखी.

"आज वाचलं, बाबा."

त्यांनी कोंबड्यांना हुसकावलं. मग ते म्हणाले, "राग येते न माय. काऊन नाही येणार? माणूस चांगलं वागला त मी त्याले नावानं हाक मारतो, चहा पाजतो. राग आला तवाच माननीय लिहितो. हात कापते न, म्हणून सावकाश लिहा लागते."

त्यांनीच विचारलं, जेवली काय, आणि मी खोटंच हो म्हटलं.

सुधाकररावांची बैठक त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत असते. मोठी खोली, भिंतीला लागून खुर्च्या, दहा-बारा कार्यकर्ते, डोक्यावर दोन जुने पंखे कराकरा फिरत होते, तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. आमच्या भागातला जून असाच, आभाळ भरतं आणि नुसतं दाबतं. टेबलावर आमचाच नकाशा पसरला होता आणि एक जण पेनानं गावांवर खुणा करत होता. साहेब बाजूच्याच गावचे, कापूस-ज्वारीच्या घरातले, बोलतात आमच्यासारखंच. मी उभ्या उभ्या सांगितलं. नकाशात बेला चूक आहे, चूक माझ्या यादीची आहे, सात महिने ती होती, आणि अकरा गावं हिरवी नाहीत. पेनवाला हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला पेढ्यांची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी वरचा कागद उचलला, चष्मा वर करून वाचला आणि खाली ठेवला.

"हे त चांगलं लिहिलं आहे," ते म्हणाले. "थोर म्हणते मले. खुशाल गुरुजी. हे तुमचे कोण?"

"वडील."

खोलीत एकदम चुळबुळ झाली. पेनवाल्यानं बाजूच्याकडं पाहिलं. मला ते दिसत होतं, की आता सगळं घरचं काम ठरणार. बाबांनी सात महिने जे टाळलं ते मी एका शब्दात घडवून आणलं होतं. आजीचं रक्त आहेच अंगात, गिरदावराच्या सात पिढ्या जिभेवर आल्याही. आणि त्यांच्याच मागून कळलं, की आत्ता मी जे बोलेन तेवढंच इथं ठेवून घेतलं जाईल, बाकी जाईल.

"साहेब, त्यांनी मला सांगितलं नाही," मी म्हटलं. "आमच्या घरची मुलगी त्या बसमधी नव्हती. हे एकशे शहाऐंशी कागद आहेत, त्यातले एकशे पंच्याहत्तर दुसऱ्यांचे. वाचून त कौतुक वाटते. ऐकून पाहा लागते. मी वाचू काय?"

त्यांनी हातानं खूण केली, वाचा. मी उभीच राहिले आणि वाचायला लागले. घाईघाईत, पंख्यांच्या आवाजावर आवाज चढवत, चौथीतल्या पोरीनं धडा वाचावा तशी. माननीय सुधाकररावजी साहेब यांचे सेवेशी. कुणी तरी फोनवर बोलत होतं. सतरा मुली. पैकी नऊ घरी बसल्या. त्यांतील दोघींची लग्ने झाली. दहा वेळा कळविण्याचा बहुमान मला लाभला आहे. इथं मी थांबले, कारण साहेब खुर्चीवरून उठले होते. मला वाटलं संपलं, चालले. दाराकडंच निघाले ते. दाराजवळच्या बटनांपाशी गेले आणि त्यांनी एक पंखा बंद केला, मग दुसरा. पाती हळूहळू थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. फोनवर बोलणाऱ्याकडं पाहिलं, त्यानं फोन खिशात ठेवला. मग ते परत येऊन बसले, कपाळाचा घाम त्यांनी पुसला नाही, आणि नकाशा टेबलावरून गुंडाळून खाली ठेवला.

"आता वाच, पोरी," ते म्हणाले. "पयल्यापासून. सावकाश."

मी कागद पुन्हा वर घेतला. खोलीत आता बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या, आणि माझा आवाज मला मोठा वाटत होता. मी सावकाश वाचायला लागले, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून, आणि कुणीही मधे बोललं नाही.